फुलचोरांची बाग

आमच्या आष्टीकडच्या फुलझाडांना माहेर असतं. माझ्या अंगणातला पांढरा चाफा पांढुर्ण्याकडचा, म्हणजे सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातला. माझ्या लग्नात तो माझ्याबरोबरच आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती फांदी पाहून सासरची माणसं हसली होती. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची लाल कण्हेरही तिकडचीच, आणि गुलबासाचं बी त्यांच्या आईचं. आजही गल्लीत जुनी तगर किंवा जास्वंद दिसली की विचारून बघा, कुठल्या तरी सुनेचं नाव निघेल. नर्सरीतलं एकही झाड माझ्याकडे नाही, आणि मला त्याची मिजास आहे.

तक्रार होती ती यांची. पहाटे गल्लीतल्या बाया परड्या घेऊन येतात आणि न विचारता फुलं तोडतात. देवाच्या फुलांना विचारायचं नसतं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. पण दुकानदार माणसाला फुकट गेलेली वस्तू डोळ्यांत खुपते. यांनी भिंत घालायचं ठरवलं. विटाही येऊन पडल्या. भिंत नेमकी चाफ्याच्या आणि कण्हेरीच्या मुळांवरून जाणार होती. मी भांडले, अबोला धरला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशात मे महिन्यात माहेरी भाच्याचं लग्न निघालं. आठवडाभर घराला कुलूप. परतताना एसटीत मी रडवेली झाले होते. आमच्याकडच्या उन्हात माणूस करपतो, तिथे अंगणातल्या मोगऱ्याची काय कथा? भिंतीला आडवं यायला आता एकही झाड उरलं नसणार.

घरी येऊन पाहते तर झाडांची आळी ओली, आणि मोगरा भरभरून फुललेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या म्हाताऱ्या काकू परडी घेऊन आल्या. हे दारातच उभे होते. म्हणाले, "काकू, न विचारताच तोडून राह्यल्या?"

काकूंनी मानही वर केली नाही. "काऊन रे बाबू? नळ येते चार रोजानं. घरचं प्याचं पानी आनून टाकलं आम्ही साऱ्या जनींनी इथं. तवा आलतो का तुले विचाराले?"

झाडांचा अभिमान मला होताच. त्या सकाळी माझ्या फुलचोरांचाही इतका वाटला की डोळे भरून आले.

काकूंचा हात चाफ्याच्या वरच्या फांदीला पुरत नव्हता. हे पुढे झाले, फांदी वाकवून धरली आणि म्हणाले, "काकू, विटा पाह्यजे का कोनाले?"