घरी कोण कोण असतं?

खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचं, पदर पुढे ओढून कमरेला खोचायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायचं, "हं, इचारा आता!" ही त्यांची पद्धत. दाढ काढून घ्यायला बसलेलं माणूस जसं एकदाचं तोंड उघडतं, तसं.

नांदुऱ्याला स्टेशन रोडवर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. कॉमर्सच्या मुली हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि पगारपत्रक करायला शिकतात. एका उन्हाळ्यात या बाई जिना चढून आल्या. दम लागला होता. केसांत बऱ्यापैकी पांढरं. मला वाटलं, मुलीची फी विचारायला आल्या असतील.

"मलेच शिकाचं हाय," त्या म्हणाल्या. "चालते ना मॅडम, या वयात?"

गावातल्या एका दाल मिलच्या ऑफिसात त्यांनी पुष्कळ वर्षं मजुरांची हजेरी आणि पगार पाहिले होते. सगळं हातानं, कागदावर. मालकाच्या मुलांनी मिल बंद करून अकोल्याला धंदा नेला, आणि ऑफिसातल्या पंख्याबरोबर याही खाली उतरल्या. लग्न झालेलं नव्हतं. आधी वडिलांना लकवा झाला, मग आई अंथरुणाला खिळली. दोघांचं करता करता लग्नाचा विषय घरात कधी बंद झाला ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. भाऊ सुरतला. आई मागच्याच वर्षी गेली होती. रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यात त्या.

मी त्यांना ताई म्हणायचे. मुली मावशी म्हणायच्या.

शिकण्यात त्या काही फार हुशार नव्हत्या, हे सांगायला हवं. मिलमध्ये जे वर्षानुवर्षं केलं ते पक्कं होतं. नवीन काही आलं की गोंधळायच्या. एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडायची. आमचं ते सॉफ्टवेअर बंद करताना पडद्यावर एक प्रश्न येतो, बाहेर पडायचं का, येस की नो. तुम्ही-आम्ही त्याच्याकडे न बघताच बटण दाबतो. त्या थांबून तो प्रश्न वाचायच्या.

"जातो म्हटलं तं इचारते तरी," एकदा शेजारच्या मुलीला म्हणाल्या. मुलगी खूप हसली. त्याही हसल्या.

डबा त्या नेहमी जास्तीचा आणायच्या. कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत. मुली तुटून पडायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, रोज एवढं कशाला करता? तर म्हणाल्या, "मुद्दाम नाही करत हो. दोघींचं कराचा हात बसला हाय. कमीच होत नाही."

पावसाळा संपता संपता मलकापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. हिशेब आणि पगार पाहायला माणूस हवं होतं. बातमी सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की नोकरी लागली की गेली तेच कळेना. आयुष्यात त्यांनी कधी मुलाखत दिलीच नव्हती. मिलमध्ये वडिलांच्या ओळखीनं लागल्या होत्या. मालकानं एवढंच विचारलं होतं, अक्षर कसं आहे?

मग संध्याकाळी, मुली गेल्यावर, आमची तालीम सुरू झाली. मी टेबलाच्या पलीकडे साहेब होऊन बसायचे. त्या दाराबाहेर जाऊन, टकटक करून, विचारून आत यायच्या. पहिल्या दिवशी मी "बसा" म्हणायला विसरले, तर त्या उभ्याच राहिल्या.

"अहो बसा ना ताई."

"साहेबानं म्हटल्याबिगर कसं बसू?"

पीएफ किती कापतात, ईएसआयचा विमा कोणाला लागू होतो, बिनपगारी रजा महिन्याच्या पगारात कशी धरायची, माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचा शेवटचा हिशेब कसा करायचा, असं मी विचारत जायचे. उत्तरं यायची, पण आमच्या बोलीतली. आमच्या वऱ्हाडात बायकासुद्धा "मी करतो, मी जातो" म्हणतात. "मी दर महिन्याले पीएफचं चलन भरतो," त्या म्हणायच्या.

"भरते म्हणा, ताई. साहेब पुण्याकडचे असले तर हसतील."

"भरते," त्या शाळेतल्या पोरीसारखं म्हणायच्या. आणि पुढच्या वाक्याला पुन्हा "भरतो".

सगळ्यात अवघड गेला तो साधा प्रश्न: तुमच्याबद्दल सांगा. त्यांनी सुरुवात केली ती वडिलांपासून. वडील मालधक्क्यावर काम करायचे, लकवा कसा झाला, खामगावच्या डॉक्टरांनी काय सांगितलं. मग आई. मग मिलचे मालक किती देवमाणूस होते. मी मध्येच अडवलं. "ताई, यात तुम्ही कुठं आहात?"

त्यांनी विचार केला. "हाय ना. मीच तं नेलं व्हतं खामगावले."

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी सहज विचारून गेले, "घरी कोण कोण असतं?" बायकांच्या मुलाखतीत हा प्रश्न येतोच, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुरुषांना विचारत नाहीत.

त्यांचे हात मांडीवरच होते. मग अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "आई असते."

खाली मेडिकलवाल्याकडे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वर ऐकू येत होतं.

"असंच सांगू का, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं. "एकटी हाय म्हटलं का लोकायची नजर बदलते. कोणी कीव करते, कोणी दुसराच इचार करते. मिलमंधी सगळे आईले ओयखत व्हते, तं कोणाले सांगा लागलं नाही."

"पण उद्या कुणी घरी आलं तर?"

"कोण येते?" त्या म्हणाल्या. चटकन. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

मग आम्ही दोघी त्या एका उत्तरामागे लागलो. भाऊ सुरतला असतो, असं सांगून पाहिलं. त्यावर त्याच म्हणाल्या, "त्यायनं घरी कोण हाय इचारलं, सुरतले कोण हाय नाही इचारलं." शेजारपाजार चांगला आहे, असं पाहिलं, ते भाड्यानं खोली मागितल्यासारखं वाटलं. शेवटी मी म्हटलं, आपण खरंच सांगू, पण नोकरीच्या कामाचं करून सांगू. "मी एकटी राहते, त्यामुळे घरची काही अडचण नाही. कामाला उशीर झाला तरी चालतो."

त्यांनी ते म्हणून पाहिलं. "मी एकटी राहतो—"

"राहते."

"मी एकटी राहते. त्यामुळे घरची काही अडचण नाही."

पुन्हा म्हणाल्या. मग पुन्हा. रोज तालमीच्या शेवटी हे वाक्य व्हायचं. सुरुवातीला "एकटी"पाशी आवाज अडखळायचा, मग तो अडखळेनासा झाला. दार उघडून आत यावं तसं वाक्य सरळ यायला लागलं. उच्चार स्वच्छ, चेहऱ्यावर हलकं हसू. मीच शिकवलेलं. आणि ते जितकं सफाईनं यायला लागलं, तितकं ते ऐकताना मला कसंसंच होऊ लागलं. माझ्या घरी तेव्हा सासू-सासरे, दोन मुलं, नणंद बाळंतपणाला आलेली. कुकरच्या शिट्टीत स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तालीम संपली की मी घाईनं जिना उतरायचे, आणि त्या सावकाश.

मुलाखतीच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमी फक्त बाहेर बसा. बोला लागत नाही काहीच." मी क्लासला सुट्टी दिली आणि आम्ही बसनं मलकापूरला गेलो. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती, नवी असावी. वाटेत त्यांचे ओठ हलत होते.

त्या आत गेल्यावर मी फाटकाजवळ कडुलिंबाखाली वॉचमनच्या बाकावर बसले. वॉचमननं पाणी दिलं आणि विचारलं, "कोण लागतात तुमच्या?"

"ताई आहेत," मी म्हटलं.

"तोंडावरून वाटते," तो म्हणाला. माझा-त्यांचा तोंडवळा जरासुद्धा मिळत नाही. पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. मी उठून उभी राहिले. त्या फाटकातून रस्त्यावर आल्या, तरी चालतच राहिल्या.

"ताई, काय झालं?"

"चांगलं झालं. तिघं जण व्हते. पीएफचं इचारलं, हजेरीचं इचारलं. टॅक्सचं एक नाही आलं. येत नाही म्हटलं, शिकून घेईन म्हटलं. त्यातला एक साहेब हसला, पण चांगलं हसला."

"मग?"

त्या थांबल्या. "इचारलंच नाही हो मॅडम."

"काय?"

"घरी कोण हाय ते. मी वाट पाहून राह्यली व्हती. आता इचारतीन, आता इचारतीन. मंग म्हणाले, या तुमी." त्या हसायला लागल्या. मीही हसले. मग पाहते तर त्या हसत नव्हत्या. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, मोरपंखी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"एवढं पाठ केलं व्हतं," त्या म्हणाल्या. "एकदा कोणाले सांगून टाकलं असतं तं बरं झालं असतं."

मी त्यांचा हात धरला. स्टँडवर येऊन आम्ही आलूबोंडे खाल्ले. त्यांनी माझ्या मुलांसाठीही बांधून घेतले.

नोकरी लागली. त्या पेढे घेऊन क्लासवर आल्या, मुलींनी त्यांना मिठी मारली. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. कधी स्टेशन रोडवर भेटायच्या, पिशवीत मेथीची जुडी, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. ते काढायला विसरायच्या, की काढावंसं वाटायचं नाही, कोण जाणे. गाडीत रोजच्या बायकांशी ओळख झाली होती. "आमच्या डब्यात" असं म्हणायला लागल्या होत्या. मला बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस त्या पुन्हा जिना चढून आल्या. कारखान्याचं पुण्याकडे नवीन युनिट निघालं होतं. तिथं पगाराचं काम बसवायला इथलं माहितगार माणूस हवं होतं.

"साहेब म्हणाले, बाकीच्यायचे लेकरंबाळं हायेत. कोणाची सासू बिमार हाय. तुमचं तसं काही नाही."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"कोणीच नाही. ऑफिसात समजतेच ना."

"तुम्हाला जायचं आहे का?"

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "इथं आता गाडीतल्या बाया झाल्या व्हत्या," म्हणाल्या. तेवढंच.

"मग नाही म्हणा की."

"काय सांगून म्हणू? नाही म्हणाचं तं कारण लागते."

"तब्येतीचं सांगा."

"तब्येत तं चांगली हाय."

"इथं घर आहे, म्हणा."

"कुलूप लावा म्हणतीन." त्या थोडा वेळ बसल्या. कारण शोधत होत्या, प्रामाणिकपणे, टाचणी शोधावी तशा. मीही शोधत होते. मुली मागं कीबोर्ड बडवत होत्या. त्यांनी भावाला फोन केला होता, तो म्हणाला होता, चांगलंच आहे, पगार वाढेल, जा. शेवटी त्या उठल्या. "जातो मंग," म्हणाल्या.

घर आवरायला मी गेले होते. आवरण्यासारखं फार नव्हतं. आईची गोधडी त्यांनी घडी घालून बॅगेत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. भांडी शेजारी दिली. गॅस बंद झाल्याची खात्री केली आणि कुलूप लावून ते एकदा ओढून पाहिलं.

गाडी दुपारची होती. आमच्याकडे ती थोडाच वेळ थांबते. गर्दी होती. मी बॅग वर ढकलली, कोणीतरी आतून ओढून घेतली. त्या दिसेनाशा झाल्या, आणि मग एका खिडकीत दिसल्या. एका म्हाताऱ्या बाईनं सरकून त्यांना जागा दिली होती. मी खिडकीपाशी पोचले तेवढ्यात गाडी हलली.

त्या गजांना तोंड लावून मला काहीतरी म्हणाल्या. त्याच वेळी शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत निघाली. मला एक शब्द ऐकू आला नाही. नुसते ओठ दिसले, आणि भुवया वर झालेल्या, म्हणजे प्रश्नच असावा. मी जोरात मान हलवली. हो, हो. त्यांचा चेहरा सैल झाला. गाडी पुढे गेली.

सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. मग सणावाराला. आता मीच करते, कधी लागतो, कधी नाही. तिथं त्यांना खोली मिळाली आहे, काम चांगलं चाललंय, साहेब चांगले आहेत. बोली थोडी बदलली आहे. "करते, जाते" म्हणतात.

मागच्या वेळी मी विचारलंच. "ताई, त्या दिवशी गाडीतून काय म्हणाला होतात तुम्ही?"

"कवा?"

"निघताना. खिडकीतून."

"नाही आठवत मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमी हो म्हटलं व्हतं, एवढं आठवते."