निरगुडीची एक फांदी

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. तरी परवा उघडली. घर रिकामं झाल्यापासून दुपारी जुने कागद वाचत बसायची सवय लागली आहे.

पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. तिथे डोंगर राखणारी एक छोटी संस्था होती. छोटी म्हणजे एक निवृत्त गुरुजी, एक कपाट आणि गावाने सोडून दिलेला एक उघडा डोंगर. गुरुजी एकटेच राहत. सहा पावसाळे त्यांनी त्या उतारावर ऐन, किंजळ, आवळा लावला होता. माघ संपता संपता एका सकाळी तो सगळा उतार जळाला. गुरुजींनी स्वतः येऊन फिर्याद दिली की अज्ञात इसमाने आग लावली. सही त्यांनी बाही मनगटापर्यंत ओढून सावकाश केली. सहा वर्षांचं काम गेलेल्या माणसाला आणखी काय छळायचं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पोलीस पाटलांनी खबर आणली. वाडीवरचा एक कातकरी मध काढायला पलिता घेऊन हिंडतो, आगीच्या सकाळी तो डोंगराकडे जाताना लोकांनी पाहिला होता. अशी खबर पोलिसांना सोयीची असते. ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं, त्याचं नाव लवकर पुढे येतं. मी त्याला चौकशीला बोलावलं. सकाळी बाकावर बसवायचा, संध्याकाळी सोडायचा, असे तीन दिवस. आग लागली तेव्हा कुठे होतास असं विचारलं की तो एकच सांगे, पल्याडच्या कड्यावर.

"साक्षीदार कोण?"

"माश्या."

हवालदार हसला. तो कातकरी हसला नाही.

त्याची बायको तिन्ही दिवस समोरच्या चिंचेखाली बसून होती. वरून विचारणा होत होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि बाहेर आलो. तेव्हा ती उठली. रडली नाही, हात जोडले नाहीत.

"सायब, धूर करनारा मानूस आग इझवायला पयला शिकतो. आग त्याची आसती तर त्यानं इझवली नसती काय?"

आग विझवायचा प्रयत्न कोणी केला होता का, हे मी पाहिलंच नव्हतं. आत जाऊन पंचनामा काढला. अक्षर माझंच होतं. माथ्यावर गवताचा सरळ पट्टा जळालेला, आणि कातळाजवळ निरगुडीची एक होरपळलेली फांदी, बुडखा कोयत्याने छाटलेला.

निरगुडी ओहळाकाठी वाढते, माथ्यावर नाही. ती कोणीतरी मुद्दाम वर नेली होती. वणवा पुढे सरकू नये म्हणून माथ्यावरचं गवत आधीच पट्ट्याने जाळून ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. दहाबारा माणसं ओल्या फांद्या घेऊन दोन्ही बाजूंना उभी राहतात आणि बाहेर पडणारी आग झोडपून विझवतात. आग लावायला आलेला माणूस फांदी घेऊन येत नाही. आणि जाळरेषेला फांद्या दहाबारा असायला हव्यात. माझ्या पंचनाम्यात एकच होती.

कागद थांबवून मी गुरुजींच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी इतकंच विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी जाळरेषेला किती जण आले होते?"

त्यांनी आधणाखालचा जाळ कमी केला.

"कोणी नाही. गावात हळद होती, पोरं कंपनीत शिफ्टला. नऊपर्यंत वाट पाहिली. वारा पडलेला होता. म्हटलं, आपणच उरकून घ्यावं."

वारा मध्येच उठला. एका फांदीने ते किती धावणार? बाही सरकली तेव्हा कोपरापर्यंत फोड दिसले. संस्थेनेच डोंगर जाळला असं झालं असतं, तर गावाने पुन्हा एक रोप लावू दिलं नसतं, ही त्यांची भीती. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण तो कातकरी ठाण्यात बाकावर बसला आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते गप्प राहिले.

"ते मात्र माझंच पाप," ते म्हणाले. मग कपात चहा ओतत, "पत्र ठाण्यालाही दिलं होतं, साहेब."

परतल्यावर आवक नोंदवही काढली. पत्र आलं होतं. जाळरेषेला दोन माणसं पाठवावीत, अशी विनंती. कोपऱ्यात माझा शेरा होता, 'दप्तरी दाखल'.

गुरुजींनी नव्याने जबाब दिला आणि निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून दंड भरला. मध काढणारा सुटला. मी त्याची माफी मागितली नाही. तेव्हा तशी रीत नव्हती, हे कारण आज मला पुरत नाही.

पुढच्या वर्षी पत्र आलं तेव्हा मी गेलो. माथ्यावर गुरुजी एकटेच होते. थोड्या वेळाने ओहळाकडून फांद्यांचा भारा घेऊन तो मध काढणारा वर आला, मागे बायको.

"गुरुजी, तुमच्यासाठी नाय आलो," तो म्हणाला. "डोंगर जळला की माश्या जातात."

मग भाऱ्यातली एक फांदी त्याने माझ्या हातात दिली.

पंचनाम्यात सापडलेल्या वस्तू लिहायच्या असतात. कोण आलं नाही, याला रकाना नाही. उरलेल्या नोकरीत तो रकाना मी मनात भरत गेलो. पुढे गुरुजी गेले, मग तो. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. पेणच्या रामवाडीतल्या या घरात आता मला हाक मारणारं कोणी नाही, आणि नऊ वाजेपर्यंत माथ्यावर वाट पाहणं म्हणजे काय, ते मला आत्ता कुठे कळू लागलं आहे.

संस्था आता नव्या माणसांच्या हाती आहे. यंदाचं पत्र परवा आलं. छापील आहे, सगळ्यांना जातं. गुडघे माथ्यापर्यंत चढू देणार नाहीत. ओहळापर्यंत जाईन. फांद्या तिथेच तोडायच्या असतात.