महायुद्धात पूर्ण गुण

पालकसभेच्या दिवशी शाळेने आभासी युद्धाचा खेळ आम्हालाही खेळायला दिला. आठवीचा इतिहास आता म्हणे असाच शिकवतात. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून, पोट सावरत मी पहिल्या महायुद्धात उतरलो, वर्गातल्या हवेत दणादण गोळ्या झाडल्या आणि पूर्ण गुण मिळवले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत मला इतिहासात कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते.

मग माझी लेक मुक्ता उतरली. चार पावलं चालली आणि चक्क फरशीवर बसली. समोरच्या हवेवरून तिचा तळहात हलकेच फिरत होता.

"मुक्ता, पुढे जा गं, गुण जातील," बाई म्हणाल्या.

"बाई, हा जखमी सैनिक पाणी मागतोय."

"अगं, तो खेळातला आहे."

"हो, पण मागतोय ना."

वेळ संपली. मुक्ताला शून्य.

घरी येताना स्कूटरवर तिने मागून विचारलं, "बाबा, तू त्याला ओलांडून कसा गेलास?"

 तिथे कुणी पडलेलं मला दिसलंच नव्हतं.

आठवडा झाला, तरी चालताना माझी नजर सारखी पायांपाशी जाते. बायको विचारते, "काही हरवलंय का?"