बनावट नोंदी शोधते

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी वालूरच्या गुरुजींचा फोन आला. निवृत्त शिक्षक, आवाज एरवी शांत. त्या दिवशी त्यांनी आधी जय भीमसुद्धा म्हटलं नाही. ग्रुप बघितला का, एवढंच विचारलं.

मी तेव्हा परभणीत एका संस्थेच्या छोट्या ऑफिसात काम करत होते. गावोगावचे लोक, त्यात गुरुजीही, दर सोमवारी आपल्या भागातली एक विहीर मोजायचे. काठापासून पाण्यापर्यंत फीत सोडायची आणि आकडा मोबाइलमध्ये भरायचा. आलेल्या आकड्यांत चुका आहेत का, ते आधी मी बघायचे. त्या वर्षापासून ते काम एआयच्या एजंटकडे गेलं होतं. एजंट म्हणजे एक प्रोग्राम. त्याला आम्ही लहान लहान टूल, म्हणजे एकेकच काम करणारी साधनं, दिलेली होती आणि प्रत्येकाखाली ते काय करतं हे दोन ओळींत लिहिलेलं होतं. कुठलं टूल कधी चालवायचं आणि निघालेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तो त्या ओळी वाचूनच ठरवायचा.

विहिरी मोजणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला तर सकाळीच एक यादी येऊन पडली होती. वर लिहिलं होतं, 'बनावट नोंदी देणारे'. खाली तीन नावं, त्यात गुरुजींचं पहिलं. यादी एजंटनं केली होती आणि संस्थेच्या पुण्यातल्या मुख्य ऑफिसातून कुणीही न तपासता ती पुढे गेली होती.

मी चूक शोधते म्हणाले. गुरुजी म्हणाले, शोधू नका, येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सेलू गाठलं, तिथून जीपनं वालूर. गुरुजींच्या पत्नीनं चहा दिला आणि त्या लगेच आत निघून गेल्या. विहीर गावाबाहेर होती. गुरुजींनी फीत सोडली आणि टोकाचं वजन खणकन दगडावर आपटलं. पाण्याचा थेंब नव्हता. अकरा मीटर वीस. मागचे पाच सोमवार हाच आकडा होता, कारण तळ काही खाली जात नाही.

"नोकरीत असताना पोरांच्या हजेरीत मी कधी खोटी खूण केली न्हाई," ते म्हणाले. "त्यातलीच चार पोरं आता त्या ग्रुपवर हायत. ती वाचायलीत, गुरुजी खोटं लिहितात म्हणून. आन् तुमी बघून गप बसलाव."

मी बघितलंच नव्हतं, हे सांगायची मला लाज वाटली.

त्यांनी वही दाखवली. पाचही सोमवारांपुढे शेरा होता: 'कोरडी, तळ दिसतो.' मोबाइलमध्येही तोच शेरा भरलेला होता. म्हणजे खरी गोष्ट आमच्याकडे पाच आठवडे पडून होती.

परत आल्यावर टूलची वर्णनं उघडली. सलग तोच आकडा आला तर सांगणारं जे टूल होतं, त्याखाली एकच वाक्य होतं: 'बनावट नोंदी शोधते.' शेरे वाचून दाखवणारंही एक टूल होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'इतर माहिती.' इतर माहिती कोण कशाला उघडेल? एजंटनं ती एकदाही उघडली नव्हती. 'बनावट' हा शब्द मात्र त्यानं जसाच्या तसा उचलून माणसांच्या नावांवर ठेवला होता. सगळ्यात जास्त संताप मला माझाच आला. ही वर्णनं मंजूर होण्याआधी माझ्याकडे वाचायला आली होती. मी ती चहा पिता पिता वरवर चाळली होती आणि ठीक आहे म्हणून कळवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी पहिलं वर्णन नव्यानं लिहिलं. 'एका विहिरीच्या सलग नोंदींत तोच आकडा आला आहे का, एवढेच हे टूल पाहते. आकडा सारखा का आहे, हे त्याला कळत नाही. कोरड्या विहिरीत फीत तळाला टेकते, तिथे तोच आकडा येणे बरोबर आहे. म्हणून आधी विहिरीची खोली आणि शेरा पाहा. यावरून नोंद खोटी आहे असे ठरवू नका. शंका उरली तर नोंद घेणाऱ्यालाच विचारा.' शेऱ्याच्या टूलखाली लिहिलं, की आकडा विचित्र वाटला तर निष्कर्षाआधी हे चालवा, मोजणाऱ्यानं कारण इथे लिहिलेलं असतं.

मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब हसले. एवढा निबंध कशाला, एजंट हुशार आहे, समजून घेतो, असं त्यांचं म्हणणं. वर, अशानं लबाड माणसं सुटतील ही काळजी.

"त्याला समजायला आपण लिहिलं काय होतं, सर?" मी म्हणाले. "विहीर कोरडी पडते, हे त्याला कुणी सांगायचं?"

शेवटी नवी वर्णनं लावून बघायचं ठरलं. जुन्या नोंदी एजंटकडून पुन्हा तपासून घेतल्या. गुरुजींच्या विहिरीपुढे एजंटनं 'बहुधा कोरडी, शेऱ्याशी जुळते' असं लिहिलं. यादीतल्या दुसऱ्या एका विहिरीत मात्र पाणी होतं आणि आकडा तरीही हलत नव्हता. तिथे त्यानं विचारणा करायला सांगितलं. विचारल्यावर त्या माणसानं घरी बसून आकडे भरल्याचं कबूल केलं. लबाडी सुटली नव्हती.

ग्रुपवरून यादी काढली गेली. माफीचं नाव कुणी काढेना. मग मीच पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी गुरुजींना दाखवायला नेलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. 'आमच्याकडून चूक झाली' या वाक्यावर रेघ मारून वर लिहिलं, 'आम्ही चूक केली.'

"झाली म्हणलं की करणारा दिसत न्हाई," ते म्हणाले.

मी तसंच ग्रुपवर टाकलं. साहेबांचा फोन आला, 'आम्ही' कशाला लिहिलं म्हणून. मी म्हणाले, त्या आम्हीमध्ये मी पहिली आहे.

पाऊस लागेपर्यंत गुरुजींनी एकही सोमवार चुकवला नाही. मग एक दिवस त्यांनी फीत आणि वही पिशवीत घालून परभणीला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून ऑफिसात पोचवली. मी फोन केला. तब्येत बरी आहे, म्हणाले, राग नाही, पण आता मोजणार नाही. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? त्या विहिरीसाठी आम्हाला अजून दुसरं कुणी मिळालेलं नाही.