शाब्बासबाई

भूमितीच्या बाईंना मुलांनी ‘शाब्बासबाई’ हे नाव ठेवलं, तोवर त्यांची भूमिती सुटली होती. सोडली म्हणणं बरोबर नाही, सुटलीच. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बाई दोन दिवस रजेवर गेल्या, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत शिक्षकांची बैठक झाली. परत येऊन बघतात तर घोंगडं गळ्यात पडलेलं.

“एक सत्रभराचा प्रश्न आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “नुसतं मार्गी लावून द्या. तुमचा आवाज कधी चढत नाही, तरी वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते. दुसरं कोण करणार हे?”

‘हे’ म्हणजे शाळेतल्या चांगल्या वागणुकीचा कार्यक्रम. शिक्षा कमी करायच्या, आणि मूल चुकण्याची वाट न बघता ते नीट वागतं तेव्हाच त्याची दखल घ्यायची. नियम तीनच, पण सगळ्या शाळेला सारखे: जपून वागा, मानानं बोला, आपलं काम आपण करा. हे तीन नियम जिन्याच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या नळांवर, स्वच्छतागृहाच्या दारांवर रंगवून घेतलेले. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकानं एकदा रागावलं तर चारदा कौतुक करायचं. नीट वागणाऱ्याला हिरवं कार्ड, मारामारी करणाऱ्याच्या नावाची गुलाबी चिठ्ठी. दर शुक्रवारी हा सगळा ढीग बाईंच्या टेबलावर येई आणि बाई तो संगणकात भरत: कुठला वर्ग, कुठली वेळ, कुठली जागा.

काम फसलं असतं तर बाई सुटल्या असत्या. पण हातात घेतलेलं काम वाईट करणं त्यांना जमतच नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की अर्ध्याअधिक मारामाऱ्या एकाच जिन्यावर होतात, कारण मधल्या सुट्टीत दोन वर्ग खाली उतरतात तेव्हाच दोन वर चढत असतात. त्यांनी घंटेत पाच मिनिटांचं अंतर ठेवायला लावलं. गुलाबी चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. मुख्याध्यापकांची छाती फुगली. दुसऱ्या शाळांची माणसं बघायला येऊ लागली. बाईंचे भूमितीचे तास आधी ‘तात्पुरते’ दुसऱ्यांकडे गेले, मग वेळापत्रकात कायमचे छापले गेले. बाईंना जिन्याखालची नकाशांची खोली मिळाली. तिचं छत तिरकं. खुर्चीतून उठताना आधी मान वाकवायची, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला. डोक्यावरून दिवसभर चारशे मुलांचे पाय धावत.

जीभसुद्धा कामाला जुंपली गेली. एका सकाळी नवऱ्यानं कप विसळून जागेवर ठेवला, तर बाई बोलून गेल्या, “आपला कप आपण विसळलास, छान!” नवऱ्याचं औषधांचं दुकान. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून माणूस शांत झालेला. तो म्हणाला, “अगं, पन्नाशी उलटली माझी. आता कार्ड पण देशील का?” मुलगी कॉलेजात होती. ती एकदा चिडून म्हणाली, “आई, रात्री उशिरा आले तर सरळ ओरड ना गं! ‘तू फोन केलास हे मला आवडलं’ काय! मला वाटतं मी ऑफिसात आलेय.” बाईंनी ओरडून बघितलं. आवाज निघाला, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

वडील त्यांच्याकडेच राहत. ते पूर्वी मोजणी खात्यात होते. “दे की लिहून, माझी भूमिती परत द्या म्हणून,” ते म्हणाले.

बाईंनी दिलं लिहून. दोनदा. पहिल्या अर्जावर उत्तर मिळालं, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापकांनी चहा मागवला. “बाई, अहो, कार्यक्रम म्हणजे तुम्ही आणि तुम्ही म्हणजे कार्यक्रम. मी तुम्हाला सोडलं तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील.” आणि वर म्हणाले, “शाब्बास!” त्या दिवशी बाईंना कळलं, हा शब्द ऐकणाऱ्याला कसा लागत असेल.

सहाव्या वर्षी, याद्या चाळताना, बाईंना आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढची ओळ कोरी दिसली. तीन वर्षांत हिरवं कार्ड नाही, गुलाबी चिठ्ठी नाही. बाईंनी वर्गशिक्षिकेला विचारलं. “ती? आहे की,” वर्गशिक्षिका जरा आठवून म्हणाल्या, “त्रास नाही हो काही तिचा.”

मधल्या सुट्टीत बाई तिला शोधत गेल्या. पाण्याच्या टाकीमागे सिमेंटच्या कट्ट्यावर ती एकटीच बसली होती. डबा संपलेला, मांडीवर वही. बाईंनी सवयीनं खिशातून कार्ड काढलं.

“नको बाई,” मुलगी पटकन म्हणाली. “ते सगळ्यांसमोर लावतात. मग सगळ्या बघतात.”

“बरं, नको.” बाई कट्ट्यावर टेकल्या. “काय चाललंय?”

मुलीनं वही पुढे केली. तिनं वीस-पंचवीस त्रिकोण काढले होते, लांबट, बुटके, वाकडे. प्रत्येकाच्या तिन्ही मध्यगा ओढलेल्या. “तिन्ही एकाच बिंदूत भेटतात. सरांना विचारलं, असं का, तर म्हणाले, भेटतातच. पण का? मी मुद्दाम वेडावाकडा काढला, तरी भेटतात.”

बाईंनी मुलीच्या कंपासपेटीतल्या कात्रीनं हातातल्या कार्डाचाच त्रिकोण कापला, मध्यगा ओढल्या आणि तो बिंदू पेन्सिलीच्या टोकावर ठेवून हात सोडला. हिरवा त्रिकोण आडवा तरंगत राहिला. मुलगी श्वास रोखून बघत होती. मग त्यांनी जमिनीवर खडूनं आकृती काढली आणि कारण समजावू लागल्या. घंटा झाली तरी दोघींना ऐकू आली नाही.

पुढचे तीन महिने रोज वीस मिनिटं टाकीमागे भूमिती चालली. बाईंनी एकदाही ‘छान’ म्हटलं नाही. चुकलं तर “चुकलं” म्हणत, आणि मुलगी जीभ चावून खोडत असे. घरी बाईंचा चेहरा बघून नवरा म्हणाला, “काय गं, अर्ज मंजूर झाला की काय?”

पण शाळेत लपून काय राहतं? मुख्याध्यापकांनी खिडकीतून बघितलं आणि बाईंना बोलावून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “बाई, हा तर आपल्या कार्यक्रमाचा पुढचा टप्पा! वैयक्तिक आधार! मला सांगितलं का नाही? पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे पाहुणे येतायत, एक उदाहरण हवंच होतं.”

“सर, ते कार्यक्रमातलं नाहीये. नुसतं गणित आहे.”

“नाव नका लिहू. पण फॉर्म भरा. रोज कामाच्या वेळेत वीस मिनिटं जातायत, त्याची नोंद नको?”

बाईंनी तो फॉर्म चार दिवस लांबवला. पाचव्या दिवशी भरला. नाव लिहिलं नाही. पण ‘जागा’ हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.

पाहुण्यांच्या दिवशी सभागृहात मागच्या रांगांत आठवीचा वर्ग बसवला होता, शिस्त दिसावी म्हणून. बाई पडद्यावरची एकेक पानं वाचून दाखवत होत्या. जिन्याचं झालं, घंटेचं झालं. मग मुख्याध्यापकांनी हौसेनं घातलेलं एक पान समोर आलं. बाईंनी ते आधी बघितलेलं नव्हतं, आणि पाहुणे वाट बघत होते. बाईंनी वाचलं: “आठवीतील एक विद्यार्थिनी. मैत्रिणी नाहीत. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटी बसते. वैयक्तिक आधारानंतर सुधारणा.”

मागच्या रांगेत एक, मग दुसरी, मग सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणी नव्हतं. बाईंनी मुलीला व्हरांड्यात गाठलं. “माझं चुकलं गं. मी ते वाचायला नको होतं.”

“ठीक आहे बाई,” ती म्हणाली. अगदी मानानं, नियमात बसेल अशा आवाजात, आणि वर्गात गेली. तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत वर्गात बाकावरच बसे. वर्षाच्या शेवटी तिच्या आईनं तिला दुसऱ्या शाळेत घातलं. बाईंच्या यादीत तेवढी एक ओळ कमी झाली.

बाईंनी तिसरा अर्ज दिला. या वेळी घरी वडिलांना वाचून दाखवला, नवऱ्यानं दोन शब्द बदलून कडक केले. उत्तर आठवड्यानं आलं, पत्रानं. पाहुणे इतके खूश झाले होते, की आजूबाजूच्या आणखी चार शाळांचं काम बाईंकडे देण्यात येत होतं. अभिनंदनाखाली मुख्याध्यापकांची सही होती.

“नाही म्हण,” वडील म्हणाले.

“नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी सोडायचं. मग मुलीची फी कोण भरणार, बाबा?” बाई म्हणाल्या.

आता बाई पाच शाळांत फिरतात. वर्गाच्या मागच्या खुर्चीवर बसून शिक्षकानं किती वेळा कौतुक केलं आणि किती वेळा टोकलं, याच्या खुणा कागदावर करायच्या. तास चालू असताना निरीक्षकानं बोलायचं नाही, असा नियम आहे, आणि तो बाईंनीच लिहिलाय. परवा एका शाळेत नवा, हसतमुख शिक्षक दोन त्रिकोण एकरूप आहेत असं सिद्ध करत होता. फळ्यावर त्यानं ‘बाकोबा कसोटी’ लिहिलं. दोन बाजू बरोबर घेतल्या, पण कोन घेतला तो त्या दोन बाजूंमधला नव्हताच, भलताच होता. चाळीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाईंचा हात खुर्चीवरून अर्धा वर गेला. त्यांनी तो खाली आणला आणि मांडीखाली दाबून धरला. शिक्षकानं एका मुलाला “फारच सुंदर!” म्हटलं. बाईंनी दुसऱ्या हातानं कागदावर कौतुकाची खूण केली.

तास संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेऊन चूक सांगितली, फळ्यावर काढूनही दाखवली. त्यानं मान डोलावली. “हो हो, उद्या सांगतो मुलांना. पण बाई, माझा आवाज कसा वाटला? चढला नाही ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आवाज छान होता.”

कागदावरही त्यांनी तेच लिहिलं. चूक लिहायला त्यात रकाना नव्हता.