बाटली वर धरा

बायको गेली तेव्हापासून दुपारचा डबा भरणं थांबलं आहे. खरं तर तिच्या निवृत्तीनंतर डब्याची गरजच नव्हती. पण तिला सवय होती, म्हणून आम्ही घरातल्या घरात डब्यातूनच जेवायचो. आता मी ताट घेतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीत राहायला आलो. ती भाईंदरच्या एका लहान रुग्णालयात कॅज्युअल्टीची सिस्टर होती. मी सकाळच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुपारी घरी येऊन भात लावायचा, डबा भरायचा आणि तिला नेऊन द्यायचा, हे माझं काम. डबा पोचला तरी ती लगेच जेवू शकायची नाही, म्हणून मी बाहेरच्या बाकावर वाचत बसायचो.

काशीमीऱ्याच्या गॅरेजांतून हात चेचलेले मेकॅनिक यायचे, ट्रकने उडवलेले स्कूटरवाले यायचे, तापाने फणफणलेली मुलं यायची. काहीही झालेलं असो, नातेवाइकांची मागणी एकच: सलाईन लावा. डॉक्टरांनी नको म्हटलं की ते बिथरायचे. “सलाईन नहीं लगाना था तो इधर लाया किसलिए?” बाटल्या काचेच्या होत्या आणि त्या टांगायचे स्टँड खाटांपेक्षा कमी. मग बाटली नातेवाइकाने धरून उभं राहायचं. हात खाली आला की नळीत रक्त उलटं चढतं, एवढं एकच त्याला सांगितलेलं असायचं. ज्याच्याबरोबर कोणी नसेल त्याची बाटली माझ्याकडे.

“भाऊजी, जरा धरा, मी एक्स-रे घेऊन आलोच,” म्हणून वॉर्डबॉय मामा जायचे आणि चहा पिऊन यायचे. मी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायला शिकलो. पान अंगठ्याने उलटायचो. ती शेजारून जाताना माझ्याकडे न बघताच म्हणायची, “वर.”

एका दुपारी मी डबा घेऊन पोचलो तर दारात मासळीचा टेम्पो उभा होता. भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या डोंगरी गावातून एका बाळंतिणीला आणलं होतं. पहाटे घरीच मोकळी झाली होती, पण वार आत अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी सुई टोचून सलाईन चालू केलं, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हिला रक्त लागणार, ऑपरेशन लागणार, मुंबईला न्या. रुग्णालयाची गाडी ट्रकच्या अपघातावर काशीमीऱ्याला गेली होती. तिची वाट बघायला वेळ नव्हता. बाळंतिणीला पुन्हा त्याच टेम्पोत ठेवलं. तिचा नवरा बोटीवर होता. सोबत फक्त सासू, आणि तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलेलं. माझी बायको दोन्ही हातांनी बाळंतिणीचं पोट दाबून धरत चढली. ते हात तिला काढता येणार नव्हते.

“अहो, चढा,” ती म्हणाली. “बाटली धरा.”

डबा बाकावरच राहिला.

टेम्पोला ताडपत्रीचं छत होतं. मी गुडघ्यांवर बसून हात छताला टेकवला. खाली बर्फाचं पाणी वाहत होतं. प्रत्येक खड्ड्याला नळीच्या टोकाशी लाल रेघ दिसायची आणि पुन्हा आत जायची. वाचण्यासारखं तिथे बाटलीवरचं लेबल तेवढं होतं. ते मी वाचत असणार, कारण बायको म्हणाली, “लेबल नाही, पाणी बघा. मानेपाशी आलं की सांगा.”

“मास्तर, पुस्तक धरल्यागत काय धरलाव?” सासू ओरडली. “वर धर! रगात चढतंय.”

मी मास्तर नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

“सिस्टर, ही बोलत न्हाय.”

“तुम्ही बोला तिच्याशी. झोपू देऊ नका.”

मग सासू सुनेशी बोलायला लागली. बोलायला म्हणजे भांडायलाच. “सुकट पावसात तशीच टाकलीस ना परवा? कोन उचलनार व्हतं? डोलं उघड, सांग.” सुनेने डोळे उघडले. “मीच उचलली,” ती म्हणाली. पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही.

दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग होती. ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून ओरडत होता, “पेशंट है, पेशंट! बाजू ले!” टेम्पो थांबला आणि पाणी मानेपाशी आलं. मी सांगितलं. बायकोने सासूचे हात घेऊन आपल्या हातांच्या जागी ठेवले. “असंच, जोरात. दया नाही करायची.” पिशवीतून दुसरी बाटली काढून तिने नळी बदलली आणि हात पुन्हा पोटावर ठेवले.

“माजा पोर दर्यावर हाय,” टेम्पो हलल्यावर सासू म्हणाली. “तो इचारील, काय सांगू त्याला?”

बायकोने पोटावरचा दाब वाढवला. खोटा धीर ती कोणालाच द्यायची नाही.

मोठ्या रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर आला. मी हात वर धरून त्याच्याबरोबर पळालो. आतल्या वॉर्डबॉयने बाटली माझ्याकडून घेऊन स्टँडला अडकवली आणि दार लावलं. बायको आत गेली, आम्ही दोघं बाहेर राहिलो. सासू भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, हात खाली घे आता.”

हात खरंच वर होता. खाली घेताना खांदा दुखला.

संध्याकाळ व्हायच्या आत बायको बाहेर आली. “वार काढली. रक्त चालू आहे. नाडी लागतेय. शुद्धीवर आली की ती तुम्हालाच शोधेल.” सासूने तोंडाला पदर लावला, मग एकदम म्हणाली, “घरी तान्ह्या पोराला सकाळपासून कोनी पाजलं आसंल?” आणि ड्रायव्हरला शोधायला उठली.

आम्ही बसने परतलो. माझा डावा हात मला उचलता येत नव्हता, म्हणून तिकिटं तिने काढली.

गेल्या वर्षी तिला मीरा रोडच्या एका रुग्णालयात इमर्जन्सीत नेलं, तेव्हा तिथे प्रत्येक खाटेला स्टँड होता. बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी होती आणि थेंब एक यंत्र सोडत होतं. मी खाटेजवळ उभा राहिलो. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून स्टँडची दांडी धरली. तिने डोळे उघडले नव्हते, पण मी आहे हे तिला कळलं असावं.

“बसा तुम्ही,” ती म्हणाली. “स्टँड आहे.”

मी बसलो.