मामांच्या भट्टीवरची कॉफी
लिहिण्याइतकं मला काही येतं असं नाही, घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण काल हॉस्टेलजवळ कॉफी भाजल्याचा वास आला आणि पहिल्या वर्षाची गोष्ट आठवली. पुण्यात चांगली कॉफी कोण भाजतं, हे शोधायचा प्रकल्प मला मिळाला होता. फिरता फिरता एका भाजणाऱ्या बाईंनी किलोभर कच्च्या बिया दिल्या आणि हसून म्हणाल्या, "बघा तुम्हीही भाजून." मी त्या बिया बारामतीला मामांकडे नेल्या. त्यांची फुटाण्यांची भट्टी. "दाणाच हाय न्हवं, भाजतो की," म्हणत मामांनी सवयीनं निम्म्या बियांना हळद-मिठाचं पाणी लावलं. कॉफी खारट झाली. मामी म्हणाल्या, "आता ह्यात कांदा चिरून टाका." मामा हसले नाहीत, त्यांच्या भट्टीवरचा दाणा कधी वाया गेला नव्हता. उरलेल्या बिया त्यांनी कोरड्याच भाजल्या, कान देऊन तडतड ऐकली आणि नेमक्या वेळी उतरवल्या. "बाई काय म्हणत्यात ते खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून न्हाय." मी पुडी पोचवली. आठवडाभर मामा रोज फोनवर एवढंच विचारायचे, "काय कळलं का?" शेवटी बाईंचा फोन आला, "कुणी भाजली ते न सांगता आमच्या कारागिरांना पाजली. सगळ्यांनी आमच्यापेक्षा हीच उजवी ठरवली. मामांना विचारा, दर महिन्याला एक पोतं भाजून देतील का?"